शोभेची मिरची

मिरची आपल्याला नवी नाही. तशी ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी 16 व्या शतकात ती गोव्याला आणली आणि मग घरोघर झाली. पण कुंडीत लावून घरात ठेवायची मिरची वेगळी. ती शोभेची. झाड वीतभर, फार तर हातभर. मिरच्या बोटाच्या पेराएवढ्या. बहुतेक आभाळाकडे तोंड करून उभ्या. एकाच झाडावर जांभळी, पिवळी, नारिंगी, लाल अशी मिरची दिसते. या निरनिराळ्या जाती नव्हेत बरं का. मिरची पिकते तसा तिचा रंग पालटतो.

मात्र कुंडीत लाल फळ दिसले की ती मिरचीच, असे धरू नका. तिच्यासारखे दिसणारे आणखी एक झाड विकायला असते. त्याला जेरुसलेम चेरी म्हणतात. दोन्ही वांग्याच्या कुळातली, म्हणून पानाफुलांत साम्य. पण या चेरीचे फळ विषारी. खाल्ले तर पोटात दुखते, ओकाऱ्या होतात. फळ गोल, चकचकीत. लहान मुलाला ते बोरच वाटते. शोभेच्या मिरचीतही गोल फळाची जात असते. माणूस फसतो तो तिथेच.

ओळखायचे कसे? चाखून मुळीच पाहू नका. फळ विळीवर कापा. मिरची आतून पोकळ असते. चेरी टोमॅटोसारखी भरलेली, रसाळ असते. फूलही पाहा. चेरीच्या फुलात मधले केसर पिवळेधमक, मिरचीच्या फुलात बहुधा निळसर. तरी शंका राहिली, तर कुंडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. मुलाने चेरी खाल्लीच, तर घरचे उपाय करत बसू नका. बोटे घालून ओकारी काढू नका. लगेच दवाखान्यात न्या. फळासकट एक डहाळी बरोबर घ्या, म्हणजे डॉक्टरांना झाड कळेल.

शोभेची मिरची विषारी नाही, पण बहुधा तिखटजाळ असते. शिवाय विकतच्या रोपावर औषध मारलेले असू शकते. तेव्हा ती आमटीत नको. मिरची चोळली तर हात साबणाने धुवा, नुसत्या पाण्याने तिखट जात नाही. पोराने चावली तर दूध किंवा दही द्या.

आता निगा. घरात ठेवायची म्हणजे काळोख्या कोपऱ्यात नव्हे. लोक शोभा पाहतात आणि झाडाचे ऊन विसरतात, असे आम्ही पाहतो. मिरचीला रोज चार-पाच तास ऊन हवे. खिडकीत ठेवा, नाही तर ओसरीवर. मातीत पेरभर बोट खुपसा. कोरडे लागले तरच पाणी घाला. कुंडीला तळाशी भोक हवे. खालच्या ताटलीत पाणी साचले तर ओतून टाका, नाही तर मुळे कुजतात. कुजलेले शेणखत मूठभर पुरे. खत फार झाले की पाला माजतो, फळ कमी धरते. घरात वारा नसतो, म्हणून फुले आली की फांदी बोटाने हलकेच हलवा. पराग झडतो आणि फळ धरते.

पानाखाली मावा दिसला तर साबणाच्या पाण्यात फडके भिजवून पुसा. शेतातले औषध घरात मारू नका. आपण तिथेच जेवतो, तिथेच निजतो.

मिरची पूर्ण लाल झाली की वाळवून बी ठेवा. विकतच्या रोपाचे बी असेल, तर नवे झाड आईसारखेच निघेल असे नाही.