नारायणगावचा टोमॅटो, हिंजवडीचा ड्रम

हिंजवडीच्या आयटी पार्कातल्या एखाद्या मोठ्या कँटीनमध्ये दुपारी दोननंतर खरकटी ताटं ठेवायच्या खिडकीशी पाच मिनिटं उभं राहा. पोळी ड्रममध्ये फारशी पडत नाही. ती मोजून वाढलेली असते. भात मात्र डावाने येतो आणि डावानेच जातो. त्यावर टोमॅटोच्या न खाल्लेल्या चकत्या.

ती चकती नारायणगावची असू शकते. शेतकरी फळ पुरतं लाल होऊ देत नाही, गुलाबी झाक आली की तोडा करतो. तोडल्यावरही टोमॅटो श्वास घेत राहतो, इथिलीन वायू सोडतो आणि पिकत जातो. गाडी चाकणच्या कोंडीत उन्हात अडकली की आणखी वेगाने. वीस किलोंच्या क्रेटमध्ये तळाची फळं दबतात. एकाची साल फुटली की रस शेजाऱ्यांना लागतो, बुरशी धरते. लुधियानाच्या ‘सिफेट’ संस्थेच्या २०१५ च्या अहवालात देशातल्या टोमॅटोचं काढणी आणि त्यानंतरचं नुकसान १२.४४ टक्के होतं. भाव पडल्यावर तोडणीची मजुरीही सुटत नाही आणि माल शेतातच राहतो. ते दुखणं शीतगृहाने बरं होणारं नाही.

कँटीनमधलं गणित वेगळं. आज किती जण ऑफिसला येणार? पाऊस लागला, शुक्रवार असला की अर्धे घरूनच काम करतात. जेवण कमी पडलं तर तक्रार वर जाते. उरलं तर कुणी विचारत नाही. म्हणून ठेकेदार दोन पातेली जास्तच चढवतो. माझ्या मते खरी गोम इथे आहे. न वाढलेलं अन्न साठ अंशांच्या वर गरम ठेवलं, तर वेळेत कुणाच्या तरी पोटात जाऊ शकतं, ताटातलं नाही.

अर्थात, नुसत्या कँटीनला नावं ठेवू नयेत. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२२ मध्ये जगात दुकानं, खानावळी आणि घरांतून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं ६० टक्के घरांतलं.

आता ड्रम. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला १०० किलोंवर कचरा करणाऱ्यांना वेगळं काढलं. ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवणं त्यांच्याकडे आलं. पण शिजलेल्या अन्नात पाणी, तेल, मीठ फार. भुसा मिसळून, हलवत राहिलं नाही तर खताऐवजी आंबट चिखल होतो आणि वास लिफ्टपर्यंत येतो. सकाळी चिरताना निघालेली टोमॅटोची देठं तेवढी निमूट कुजतात.