जुनी फटफटी आणि उसाचे इथेनॉल



फडात टोळी येऊन थांबलेली अन् किक मारून पाय भरून आला तरी गाडी सुरू होत नाही, ही अडचण हंगामात नेमकी येते. २००१ साली बाजारात आलेली पल्सर आपल्या चाकणच्या बजाज कारखान्यात बनू लागली. त्या काळच्या कार्बोरेटरच्या गाड्या आपल्याकडे अजून पळतात. मात्र त्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेल्या नव्हत्या.

इथेनॉलमुळे आपल्या उसाला आधार मिळाला, हे खरे. पण ते पाणी ओढते. पाणी वाढले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि गाडी अडते.

अशा वेळी इंजिन गार होऊ द्या. बिडी-काडी लांब ठेवा. पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरच्या तळचा स्क्रू सैल करा व पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. दोन थर दिसले, तर टाकीही रिकामी करावी लागेल.

मग प्लग काढून बघा. टोक तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर हवेचा फिल्टर साफ करा. तेलकट ओला असेल तर इंजिन ऑईल जाळते आहे, मिस्त्रीला दाखवा. पेट्रोलची रबरी नळी फुगली किंवा चिरली असेल तर लगेच बदला.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा. कार्बोरेटर रिकामा राहतो, जेट तुंबत नाही.

खोडव्याची निगा वेळेवर केली तरच तो साथ देतो. जुन्या गाडीचेही तसेच आहे.

— ऊस विकास अधिकारी