व्हीलचेअरची सहल: आधी जमीन पाहून या

सिंदी (रेल्वे)च्या आसपास हिंडायला जागा कमी नाहीत. बोर धरण आणि तिथला व्याघ्र प्रकल्प, सेवाग्राम, पवनारची धाम नदी. घरातलं एखादं माणूस व्हीलचेअरवर असलं की मात्र सहलीच्या दिवशी ते हमखास मागे राहतं. गाडी सगळीकडे जाते. आडवी येतात ती उतरल्यावरची पन्नास पावलं. म्हणून घरच्या एखाद्यानं आधी जाऊन ती जमीन पाहून यावी.

आपली काळी माती पावसात फुगते आणि चाकाला थर धरते. उन्हाळ्यात तीच भेगाळते, आणि खुर्चीची पुढची छोटी चाकं त्या भेगांत अडकतात. मागची चाकं साधारण २४ इंची, पुढची जेमतेम ६ ते ८. अडथळा ओलांडायला मोठं चाक कधीही सोपं. म्हणून भुसभुशीत किंवा खडबडीत जागी खुर्ची फिरवून घ्यावी आणि उलटी ओढत न्यावी. खुर्ची कलवायची असेल तर बसलेल्याला आधी सांगावं; न सांगता मागे झुकवली की कुणाच्याही पोटात गोळा येतो.

उताराचं गणित ठरलेलं आहे: १ इंच उंचीला १२ इंच लांबी. म्हणजे ६ इंचांच्या पायरीला ६ फुटांची फळी लागते. लोक दोन फुटांची फळी टाकून मोकळे होतात, तिथेच खुर्ची मागे उलटायची भीती असते. तीव्र उतारावरून खाली येताना खुर्चीची पाठ उताराकडे ठेवावी आणि ढकलणाऱ्यानं खालच्या बाजूला राहावं. बसलेल्याचा भार मग पाठीला टेकतो, तो पुढे घसरत नाही. आणि चाकांतली हवा निघायच्या आधीच तपासा. बहुतेक खुर्च्यांचा ब्रेक टायरवरच दाबला जातो. हवा कमी असली तर तो धरत नाही. थांबल्यावर चाकाला दगड लावलेला बरा.

पहिल्या सहलीला मी सेवाग्रामच सुचवेन. गांधीजी इथे १९३६ मध्ये आले. त्यांनी लावलेला पिंपळ आश्रमाच्या आवारात आहे. आवार बरंचसं सपाट असल्यानं झाडांखाली निवांत बसता येतं. कुट्यांच्या उंबरठ्यांपाशी मात्र मदत लागेल. पवनारला पात्रापर्यंत उतरायचा हट्ट नको, वरूनही धाम छान दिसते. बोरच्या सफारीत उघड्या जिप्सीची पायरी उंच असते. चढवायला दोघं तरी लागतात, आणि कच्च्या रस्त्यावरच्या धक्क्यांत कंबर सावरणार नसेल तर छातीशी पट्टा हवाच.

वेळ निवडावी ती नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ. मणक्याला इजा झालेल्या अनेकांना इजेखालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे अंग लवकर तापतं. ओला रुमाल, पाणी आणि सावली ठरवून ठेवा. दर अर्ध्या तासाच्या आत बैठक थोडी उचलून किंवा कलून बदलावी, नाहीतर एका दिवसात कातडी दुखावते आणि जखम भरायला महिने जातात.

समुद्र पाहायची हौस असेल तर सिंदीवरून जाणारे हेच रूळ बल्लारशामार्गे चेन्नईकडे जातात. मदतीशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या दिव्यांगांना आणि सोबत्याला स्लीपर व थर्ड एसीत ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रेल्वेचं ओळखपत्र आधी काढावं लागतं. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये वाळूतून पाण्याच्या दिशेनं लाकडी वाट बांधली. पुढच्याच महिन्यात वादळानं तिची मोडतोड केली, त्यामुळे निघण्यापूर्वी सध्याची स्थिती विचारून घ्या. अशी वाट नसेल तिथे ओहोटीच्या वेळी जावं. भिजलेली वाळू घट्ट असते, कोरड्या वाळूत अरुंद चाक रुततं.

मुक्काम ठरवताना मोजपट्टी उपयोगी पडते. खोलीवाल्याला फोनवर संडासाच्या दाराची रुंदी विचारा: ९० सेंटिमीटर असेल तर उत्तम, आणि आत खुर्ची वळायला दीड मीटर मोकळी जागा. ‘सगळं बरोबर आहे’ एवढ्यावर आगाऊ पैसे देऊ नका, दाराचा फोटो मागवा.