डिकिन्सन, जेम्स विल्यम

(२४ एप्रिल १९२५ – ८ नोव्हेंबर १९८२). प्रसिद्ध इंग्लिश फुटबॉलपटू. जन्म हँपशर परगण्यातील ऑल्टन येथे. १९४६ ते १९६५ या काळात इंग्लिश लीगमध्ये तो केवळ पोर्टस्मथ संघाकडून ७६४ सामने खेळला. संघाने १९४९ व १९५० मध्ये पहिल्या श्रेणीचे विजेतेपद मिळविले, त्यात डावा हाफ या नात्याने त्याचा मोठा वाटा होता. इंग्लंडतर्फे तो ४८ सामने खेळला. त्यांत १९५० व १९५४ च्या विश्वचषक स्पर्धांतील सामनेही येतात. पुढे पोर्टस्मथची घसरण होऊन १९५९ मध्ये संघ दुसऱ्या व १९६१ मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेला. तथापि डिकिन्सनने त्याची साथ सोडली नाही. कारकीर्दीच्या उत्तरार्धात तो सेंटर हाफ म्हणून बचावफळीच्या मध्यभागी खेळू लागला. प्रतिपक्षाच्या मुख्य आक्रमकास रोखण्याच्या या कामात धसमुसळा खेळ सहज होतो. परंतु पंचांनी त्याला एकदाही ताकीद दिली नाही. १९६२ मध्ये तिसऱ्या श्रेणीचे विजेतेपद मिळवून संघ वर आला. २४ एप्रिल १९६५ रोजी, चाळिसाव्या वाढदिवशी, नॉर्दॅम्प्टनविरुद्धचा त्याचा अखेरचा सामना बरोबरीत सुटला आणि पोर्टस्मथचे दुसऱ्या श्रेणीतील स्थान टिकले. १९७७ ते १९७९ या काळात तो याच संघाचा व्यवस्थापक होता.