तलाव मोजायचे, पण कुठल्या भाषेत?

आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने पिढ्यान् पिढ्या बांधलेले हे तलाव, मालगुजारी गेली तेव्हा ‘माजी मालगुजारी’ झाले आणि लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’! आज गाळ आणि अतिक्रमणामुळे यातला कुठला किती उरलाय, हे नकाशावर मोजायचं ठरवलं तर ‘क्यूजीआयएस’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर हाताशी आहे. पण साकोली, लाखनी, पवनी असे सातही तालुके एकेक क्लिक करून कोण मोजणार? इथे स्क्रिप्ट हवी. मग प्रश्न येतो, कुठली?

पर्याय तीन. पहिला, ग्राफिकल मॉडेलर. चौकोन जोडायचे, कोड लिहायचा नाही. सरळ कामाला उत्तम, पण अटी वाढल्या की नुसता गुंता. दुसरा, सी प्लस प्लस. क्यूजीआयएस मुळात याच भाषेत लिहिलंय, त्यामुळे वेग भरपूर. पण दर वेळी कंपाइल करा, आणि व्हर्जन बदललं की पुन्हा करा. तिसरा, पायथन. २००७ पासून ती क्यूजीआयएसच्या पोटातच बसलेली आहे.

“पायथन तर स्लो!” असं हॉस्टेलवर कोणीतरी म्हणणारच. खरं आहे, पण इथे पायथन फक्त हुकूम सोडते, जड काम आतलं सी प्लस प्लस करतं. मात्र एकेका बिंदूवर पायथनमध्ये लूप फिरवलात तर वाट बघत बसाल. आणि कन्सोलमध्ये न संपणारा लूप लिहिलात तर अख्खी खिडकी गोठते, कारण स्क्रिप्ट आणि सॉफ्टवेअर एकाच घरात राहतात. म्हणून लांबलचक काम ‘प्रोसेसिंग’मधून बॅकग्राउंडला चालवावं.

मग ल्युआ का नको? ती छोटी, चपळ, गेम्समध्ये लाडकी. पण क्यूजीआयएसने तिच्यासाठी दारच ठेवलेलं नाही. भाषा किती चांगली हे नंतर, आधी प्लॅटफॉर्म कुठलं दार उघडतो ते बघायचं. आणि त्या दाराबाहेर ती भाषा कुणी बोलतं का, हेही. ‘आर्कव्ह्यू’ची स्वतःची ‘अ‍ॅव्हेन्यू’ नावाची भाषा होती. नव्या आर्कजीआयएसमध्ये ती गेली आणि तिच्यातल्या स्क्रिप्टही गेल्या. पायथनलाही बदल चुकला नाही. २०१८ मध्ये क्यूजीआयएस ३ आलं, पायथन २ वरून ३ वर गेलं आणि जुने प्लगिन दुरुस्त करावे लागले. पण दुरुस्त करता आले, कारण ती भाषा येणारे ढिगाने होते!

एक मात्र लक्षात ठेवा. भाषा कुठलीही घ्या, नकाशा अक्षांश-रेखांशात असेल तर पायथनमधलं साधं ‘एरिया’ फंक्शन उत्तर चौरस डिग्रीत देतं, हेक्टरमध्ये नाही. आधी तो यूटीएम झोन ४४ उत्तर मध्ये आणा.

माझं मत पायथनला. आपण पास होऊन जाऊ, तलाव इथेच राहतील. पुढच्या पावसाळ्यानंतर ज्युनिअर्सना तीच स्क्रिप्ट वाचता आली, सुधारता आली, तरच तो तलाव घटला की वाढला हे कळेल. धानाला पाणी त्याच तलावाचं लागतं ना?