दोन स्टॅकमधून क्यू : रचना आणि तिच्या खर्चाचा हिशोब

प्रस्तावना :
संगणकशास्त्रात माहिती साठविण्याच्या मूलभूत रचनांमध्ये स्टॅक व क्यू यांचा समावेश होतो. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी लागणारी रांग हा क्यू होय. जो प्रथम येतो त्यास प्रथम दर्शन घडते. भाकऱ्यांची चवड हा स्टॅक होय. शेवटी ठेवलेली भाकरी प्रथम उचलली जाते. स्वभावाने परस्परविरुद्ध असलेल्या या रचनांपैकी एकीतून दुसरी घडविणे हा पदवी वर्गातील नेहमीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर तपासताना एक महत्त्वाची बाब दुर्लक्षित राहते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

रचना :
क, ख, ग हे घटक क्रमाने पहिल्या स्टॅकमध्ये ठेवले असता ग सर्वांत वर येतो. ते एकेक करून दुसऱ्या स्टॅकमध्ये हलविले की ग तळाशी जातो व क वर येतो. उलटलेला क्रम पुन्हा उलटल्याने सुलट होतो. सारे मर्म एवढेच. क बाहेर काढल्यावर घ आला, तर तो पहिल्या स्टॅकमध्येच थांबतो. दुसऱ्यात ख व ग शिल्लक असताना घ तेथे हलविला, तर तो ख च्या आधी बाहेर पडेल आणि रांग मोडेल. म्हणून दुसरा स्टॅक पूर्ण रिकामा झाल्यावरच घटक हलवावयाचे.

खर्च :
अनेक विद्यार्थी एक घटक काढल्यावर उरलेले सर्व घटक पुन्हा पहिल्या स्टॅकमध्ये आणून ठेवतात. उत्तर बरोबर येते, म्हणून गुणही पूर्ण मिळतात. परंतु १००० घटक आत घेऊन क्रमाने बाहेर काढावयाचे, तर ठेवणे व काढणे मिळून या पद्धतीत २०,०२,००० क्रिया होतात. वरील पद्धतीत प्रत्येक घटक दोनदा ठेवला व दोनदा काढला जातो. म्हणजे अवघ्या ४००० क्रिया. अर्थात पहिला घटक काढताना सर्व १००० घटक हलवावे लागतात. मात्र तो भार पुढील ९९९ वेळा सोसावा लागत नाही. एकट्या क्रियेऐवजी संपूर्ण क्रियामालिकेचा खर्च वाटून पाहण्याच्या या दृष्टीस रॉबर्ट टार्जन यांनी १९८५ मधील शोधनिबंधात सुस्पष्ट रूप दिले. ज्या यंत्रणेत एकाही क्रियेस विलंब चालत नाही, तेथे मात्र हा सरासरीचा दिलासा पुरेसा नाही.

उलट दिशेने, म्हणजे क्यूमधून स्टॅक घडविताना, ही सोय मिळत नाही. एका रांगेतील माणसे दुसऱ्या रांगेत उभी केली तरी क्रम तोच राहतो. त्यामुळे परिचित पद्धतीत नवा घटक अग्रभागी आणण्यासाठी प्रत्येक वेळी आधीचे सर्व घटक त्याच्या मागे फिरवून घ्यावे लागतात. दोन्ही प्रश्न परीक्षेत समान गुणांना विचारले जातात. त्यांतील हा फरक विद्यार्थ्यास क्रिया मोजावयास सांगितल्याशिवाय दिसत नाही.