सिस्टरच्या पाठीशी उभी राहिलेली माणसं

जीएनएम नर्सिंगला माझा नंबर लागला तेव्हा आमच्या माणगावच्या वस्तीतले एक काका म्हणाले, "बाबासाहेबांनी हलकी कामं सोडायला सांगितली आणि तू पैसे भरून बेडपॅन उचलायला चाललीस?" त्यांचा राग खोटा नव्हता. त्यांच्या वडिलांनी गावकीची कामं केली होती. उत्तर माझ्या आजीने दिलं, "१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याचा आजारी पोरगा पाठीवर घालून दवाखान्यात नेला. त्याच साथीत त्या गेल्या. ते काम हलकं होतं का?" काका गप्प झाले, पटलं असं मात्र नाही.

तीन वर्षं अशीच निघाली. शिष्यवृत्ती जमा होईपर्यंत मेसचे पैसे आईने लावणीच्या मजुरीतून दिले. मामाने कामावर खाडा करून दाखले आणले. वहिनीने माझ्या वाटचं पाणी भरलं.

बीपी घ्यायला मी शिकले शेजारच्या मावशींच्या दंडावर. चार वेळा पट्टा बांधला, पाचव्यांदा ठोके ऐकू आले. मावशी हसत बसून होत्या. वरचा आकडा १७०! त्यांना डोकेदुखी नाही, चक्कर नाही. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, म्हणून तर मोजायचं. एका मापावर भरवसा नको म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना उपजिल्हा रुग्णालयात नेलं. तिथेही जास्तच निघालं, गोळी सुरू झाली.

नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर नाव माझं एकटीचं आहे.

काकांना साखर आहे. पायाच्या जखमेचं ड्रेसिंग माझ्याकडून करून घेतात. यंदा त्यांच्या नातीचा नर्सिंगचा फॉर्म भरायचाय. दाखल्यांच्या मागे पुन्हा मामाच लागलाय.